साखर एकाएकी उतरल्यास काय करावे?

मधुमेह हा शब्द आज आपल्या वस्त्यांत कोणालाही नवा राहिलेला नाही. सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या घोळक्यात, विहारातील कार्यक्रमानंतरच्या चहापानात, लग्नाच्या पंगतीत 'माझी साखर किती, तुमची किती' ही चौकशी सर्रास ऐकू येते. परंतु ही सारी चर्चा बहुधा वाढलेल्या साखरेविषयी असते. औषधोपचार चालू असलेल्या रुग्णाची साखर नको तितकी खाली उतरू शकते आणि अशा वेळी चांगला चालता-बोलता माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडू शकतो, ही गोष्ट फारच थोड्या घरांत ठाऊक असते. वाढलेली साखर बहुतेकदा वर्षानुवर्षे शरीर पोखरते. उतरलेली साखर मात्र विचार करायलाही फुरसत देत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांनी या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

या आजाराची एक अडचण आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. इतर बहुतेक औषधे रुग्ण स्वतःच्या हाताने घेतो. साखर फार उतरल्यावर द्यावयाचे औषध मात्र रुग्णाला स्वतः घेता येत नाही, कारण त्या वेळी तो शुद्धीवरच नसतो. ते पत्नीने, मुलाने, शेजाऱ्याने, शिक्षकाने किंवा वर्गमित्राने द्यावे लागते. म्हणजे औषध रुग्णाचे, पण त्याचे ज्ञान इतरांना हवे. डॉक्टरांनी रुग्णाला कितीही समजावले तरी आजूबाजूच्या माणसांना काहीच माहीत नसेल तर ते समजावणे ऐन वेळी वाया जाते.

साखर का उतरते?

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ही ऊर्जा त्याला मुख्यतः रक्तातील साखरेपासून, म्हणजेच ग्लुकोजपासून मिळते आणि तिचा पुरेसा साठा मेंदूजवळ नसतो. त्यामुळे रक्तातील साखर उतरली की सर्वांत आधी मेंदूचे काम बिघडते.

निरोगी माणसात साखर कमी होऊ लागताच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन नावाचे द्रव्य स्रवते. ते यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडण्याचा हुकूम देते. इन्सुलिन साखर खाली आणते, ग्लुकागॉन वर नेते; असा हा तराजू आहे. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. ग्लुकागॉनला त्याचे नाव १९२३ मध्ये मिळाले. मधुमेही माणूस इन्सुलिन बाहेरून घेतो तेव्हा हा तराजू त्याच्या शरीराच्या ताब्यात राहत नाही. एकदा टोचलेले इन्सुलिन माणूस जेवला की उपाशी राहिला, हे पाहत नाही. ते आपले काम करीत राहते.

साखर उतरण्याचा धोका सर्व मधुमेहींना सारखा नसतो. इन्सुलिन घेणारे रुग्ण, तसेच ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना तो अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो क्वचितच संभवतो. वृद्धांत आणि मूत्रपिंड कमजोर झालेल्या रुग्णांत औषध शरीरात जास्त वेळ टिकून राहते, म्हणून त्यांनी विशेष जपावे. जेवण चुकणे, नेहमीपेक्षा जास्त अंगमेहनत, उलट्या-जुलाब आणि मद्यपान ही नेहमीची कारणे होत.

आणखी एक कारण आपल्याकडे विशेष आढळते. बाजारात इन्सुलिन दोन ताकदींत मिळते : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात २० ऐवजी ५० युनिट, म्हणजे अडीचपट औषध जाते. सबब, दुकानातून नवी कुपी किंवा नवी सिरिंज आणल्यावर दोहोंवरील आकडा जुळतो की नाही हे प्रत्येक वेळी वाचून पाहावे.

लक्षणे कशी ओळखावीत?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी. ५४ च्या खाली गेली की परिस्थिती गंभीर समजावी. आरंभी दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड आणि कडकडून भूक ही लक्षणे दिसतात. पुढे बोलणे अडखळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस चिडतो, हट्ट करतो, विचारले त्याचे भलतेच उत्तर देतो. त्याहीपुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. आकडा कितीही असो, रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येत नसेल तर ती अवस्था तीव्रच मानावी.

येथे दोन गैरसमज घात करतात. पहिला असा की, रस्त्यात झोकांड्या खाणारा माणूस दारूच प्यालेला असणार. लोक हसतात, बाजूला होतात आणि मदतीची मिनिटे निघून जातात. दुसरा असा की, मधुमेही माणूस पडला म्हणजे त्याची साखर वाढलीच असणार; आणि मग घरचेच कोणी त्याला इन्सुलिन टोचते. असे कधीही करू नये. मधुमेही बेशुद्ध असेल आणि साखर मोजण्याचे यंत्र जवळ नसेल, तर साखर उतरली आहे असे समजूनच पावले उचलावीत. साखर वाढलेल्या माणसाला थोडी साखर जास्त गेल्याने तत्काळ मोठे नुकसान होत नाही; उतरलेल्या साखरेवर इन्सुलिन गेले तर मात्र जीव जाऊ शकतो.

काही वृद्धांत आणि बरीच वर्षे आजार असलेल्यांत घाम, कंप ही सूचनेची लक्षणे दिसेनाशी होतात. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळेही धडधड जाणवत नाही. अशा रुग्णाचे बोलणे-वागणे एकाएकी बदलले, हीच खूण समजावी.

शुद्धीवर असेल तर

रुग्ण शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल तर उपाय स्वयंपाकघरातच आहे. सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजावी. किंवा तेवढीच ग्लुकोजची पावडर द्यावी. एक मोठा चमचा मधही चालतो. पंधरा मिनिटे थांबून साखर पुन्हा मोजावी. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटू लागले की पोळी, भात किंवा बिस्किटे असे काही खायला द्यावे, नाहीतर साखर पुन्हा उतरते.

पेढा, बर्फी, चॉकलेट यांत स्निग्ध पदार्थ असल्यामुळे त्यांतील साखर रक्तात सावकाश पोहोचते. तातडीच्या वेळी त्यांचा भरवसा धरू नये. साखरविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयाचा तर काहीच उपयोग नाही. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या गोळ्या चालू असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात, म्हणून अशा रुग्णाला साखरेऐवजी ग्लुकोजची पावडरच द्यावी.

बेशुद्ध असेल तर

येथे नियम बदलतो आणि खरी कसोटी लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. साखरेचे पाणी नाही, चहा नाही, साधे पाणीही नाही. गिळण्याची शक्ती नसल्यामुळे ते श्वासनलिकेत उतरते आणि जीव गुदमरतो. ज्याने प्रेमापोटी पाजले त्याच्याच हातून अनर्थ घडतो. झटके येत असतील तर कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा अडकवणे, हातपाय दाबून धरणे हेही टाळावे. या प्रकारांनी साखर तिळभरही वाढत नाही.

त्याऐवजी रुग्णाला एका कुशीवर वळवावे, मान किंचित मागे करावी, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आणि एकाने ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे व ती विनामूल्य आहे. फोनवर 'माणूस पडला आहे' एवढेच न सांगता 'मधुमेही आहे, इन्सुलिन घेतो, बेशुद्ध आहे' असे स्पष्ट सांगावे.

घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर ते देण्याची हीच वेळ होय. तो संच साधारणपणे असा असतो : एका कुपीत १ मिलिग्रॅम कोरडी पावडर आणि शेजारी पाणी भरलेली सिरिंज. क्रम पुढीलप्रमाणे आहे :

१) कुपीचे झाकण काढून सिरिंजमधील पाणी पावडरीत सोडावे.
२) कुपी हलकेच फिरवावी. द्रावण पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे; गढूळ किंवा दाणेदार असेल तर वापरू नये.
३) द्रावण सिरिंजमध्ये परत ओढून हवा काढून टाकावी.
४) मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत सुई सरळ टोचून औषध द्यावे. मोठ्या माणसाला पूर्ण १ मिलिग्रॅम. लहान मुलांना, साधारण २५ किलोपेक्षा कमी वजन असेल तर, अर्धा मिलिग्रॅम. मुलाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन संचाच्या डबीवर चिकटवून ठेवावी.
५) रुग्णाला पुन्हा कुशीवर ठेवावे. या औषधाने पुष्कळांना उलटी होते. पाठीवर झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.
६) औषध दिल्याची वेळ कागदावर लिहावी. १० ते १५ मिनिटांत शुद्ध येणे अपेक्षित आहे. पुरता शुद्धीवर आला व गिळू लागला की गोड पाणी आणि मागाहून जेवण द्यावे.

पंधरा मिनिटांत शुद्ध आली नाही तर दुसऱ्या उपायाची वाट पाहत बसू नये, रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून ग्लुकोज दिले जाते. ते काम जाणकारांचेच आहे, कारण तीव्र ग्लुकोज शिरेबाहेर गेल्यास मांसाला इजा होते. मेडिकल, मेयो किंवा जे रुग्णालय सर्वांत जवळ असेल तेथे जावे. या वेळी नेहमीच्याच डॉक्टरांचा आग्रह धरू नये.

औषधाच्या मर्यादा

ग्लुकागॉन स्वतः साखर नव्हे. ते यकृतातील साठा मोकळा करते. तो साठाच रिकामा असेल, म्हणजे माणूस दीर्घकाळ उपाशी असेल, कुपोषित असेल किंवा त्याने मद्य प्यालेले असेल, तर हे औषध फिके पडते. मद्य यकृताचे साखर बनवण्याचे कामच थांबवते. मद्यापासून दूर राहण्याचे शील आपण सारे ग्रहण करतो. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत ते शील अक्षरशः प्राणरक्षक ठरते.

गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर रुग्ण शुद्धीवर आल्यानंतरही धोका टळत नाही. गोळीचा अंमल बराच काळ टिकतो आणि काही तासांनी साखर पुन्हा कोसळू शकते. म्हणून 'आता बरा आहे' असे म्हणून रुग्णालयातून लवकर घरी आणण्याची घाई करू नये. अधिवृक्क ग्रंथीची किंवा स्वादुपिंडाची विशिष्ट गाठ असलेल्या रुग्णांना ग्लुकागॉन चालत नाही. यास्तव ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घरात आणावे.

आपल्याकडे हे इंजेक्शन प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. मागणी नोंदवून आणवावे लागते आणि ते महागही पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये नाकात फवारण्याची ३ मिलिग्रॅमची पावडर मंजूर झाली. तिला सुई लागत नाही. ही सोय सामान्य माणसाच्या आवाक्यात येईपर्यंत कुशीवर वळवणे, तोंडात काही न घालणे आणि १०८ ला फोन करणे ही बिनपैशाची तीन कामे तरी प्रत्येकाला आली पाहिजेत.

नागपूरचा उन्हाळा आणि संत्रे

मे महिन्यात आपल्या शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोन्ही उष्णतेने बिघडतात. ग्लुकागॉनच्या बहुतेक संचांना २५ अंशांपेक्षा जास्त उष्णता चालत नाही. काही संच शीतकपाटात ठेवावयाचे असतात. म्हणून डबीवरील सूचना वाचावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र काहीही ठेवू नये. शीतकपाट नसलेल्या घरी इन्सुलिनसाठी मातीच्या दोन मडक्यांचा उपाय करता येतो : मोठ्या मडक्यात ओली रेती, तिच्यात लहान मडके आणि त्यात कोरड्या डबीत औषध. सावलीत ठेवून रेती ओली राखल्यास आतील उष्णता बरीच कमी राहते. ग्लुकागॉनची डबी वेगळ्या रंगाची पट्टी लावून इन्सुलिनपासून दूर ठेवावी. घाईत दोन्ही नावे सारखीच वाटतात आणि अदलाबदल जिवावर बेतते.

औषधाची मुदत तपासण्यासाठी वर्षातील दोन दिवस ठरवून घ्यावेत. बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे विसरले जाण्यासारखे नाहीत. मुदत संपलेला संच फेकण्याआधी घरातील सर्वांनी त्यावर सराव करावा. पावडर विरघळवावी, सिरिंज भरावी आणि संत्र्यात टोचावी. संत्र्याच्या सालीला सुईचा होणारा विरोध आपल्या त्वचेशी पुष्कळ मिळताजुळता असतो. आपल्या नागपुरात या शिक्षणासाठी संत्र्याची वाण पडणार नाही! सराव झाल्यावर सुई आणि संत्रे मुलांच्या हाती लागणार नाही असे टाकून द्यावे.

उपोसथ, यात्रा आणि परीक्षा

वर्षावासात अनेक उपासक-उपासिका अष्टशील ग्रहण करून दुपारनंतर अन्न वर्ज्य करतात. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवल्याशिवाय असे करू नये. विनयपिटकात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे उसाचा पाक ही पाच द्रव्ये औषध म्हणून दुपारनंतरही घेण्याची अनुज्ञा आहे. म्हणजे साखर उतरली असता मध किंवा गूळपाणी घेण्याने शीलभंग होतो, ही शंका बाळगण्याचे कारण नाही.

दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखोंचा समुदाय येतो. प्रवासात जेवणाच्या वेळा चुकतात, मैलोगणती चालणे होते. मधुमेही बांधवांनी खिशात ग्लुकोजची पुडी आणि आपला आजार, औषधे व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सेवेसाठी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनीही घामाघूम होऊन असंबद्ध बोलणाऱ्या माणसाला आधी 'मधुमेह आहे का?' असे विचारावे.

विद्यार्थी मित्रांसाठी वेगळे सांगावेसे वाटते. बालवयात होणाऱ्या, टाईप १ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मधुमेहात इन्सुलिनला पर्याय नाही. अशा गरीब मुलामुलींना इन्सुलिन आणि शिक्षण पुरवणारी ड्रीम ट्रस्ट ही संस्था आपल्याच शहरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये सुरू केली, ही नागपूरला अभिमानाची गोष्ट आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या व खाऊ नेण्याची मुभा दिली. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह आधीच अर्ज करावा. आपल्या वर्गात असा मित्र असेल तर त्याचा आजार चेष्टेचा विषय करू नका. त्याच्या दप्तरात ग्लुकोज कोठे असते, एवढे मात्र माहीत करून घ्या.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाने अनेक वर्षे ग्रासले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्या म्हणजेच आपल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या औषधपाण्याकडे व पथ्याकडे त्या लक्ष देत असत. असा आजार अंगावर घेऊनच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा पार पाडला. प्रत्येक मधुमेहीच्या घरात डॉक्टर असू शकत नाही. परंतु काय करावे आणि काय करू नये हे जाणणारे एक माणूस प्रत्येक घरात आणि दोन माणसे प्रत्येक विहारात निश्चित असू शकतात. या लेखातील सूचना कागदावर उतरवून शीतकपाटाच्या दारावर लावाव्यात, घरातील मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि आपल्या डॉक्टरांना दाखवून त्यांत रुग्णानुसार भर घालून घ्यावी. त्याला अर्धा तासही लागणार नाही.